घोडीची सुई

आमच्या तिरोड्यात नवरदेव ज्या घोडीवर बसून मांडवापाशी येतात, तिच्या मालकाने गेल्या श्रावणात मला एक प्रश्न विचारला आणि तो मी हसण्यावारी नेला. रोवणी नुकतीच आटोपली होती. बांध्या पाण्याने भरलेल्या, त्यांत बगळे उभे, आणि दिवेलागण झाली की घराघरांत डासांची भुणभुण. हा गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, लेकरायले मेंदूच्या तापाची सुई देतेत म्हणे. मंग माह्या घोडीले काहून नाही?"

"अरे बाबा, माणसांचंच पुरं होईना, अन् तू घोडीचं काय घेऊन बसलास!" मी म्हणालो. तोही हसला आणि घोडीच्या मानेवरून हात फिरवीत निघून गेला.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. माझ्या कादंबऱ्यांतून घोडे पुष्कळ दौडतात, पण त्यांतल्या एकालाही कधी ताप आलेला नाही! तेव्हा मुकाट्याने पुस्तके उघडली. जपानी मेंदूज्वर हा तो रोग. १९२४ साली जपानात त्याने सहा हजारांहून अधिक माणसांना गाठले. आपल्याकडे तामिळनाडूत १९५५ साली तो माणसांत प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू वाढतो बगळ्यांत आणि डुकरांत. धानाच्या साचल्या पाण्यात वाढणारे डास तो तेथून उचलतात आणि माणसाला किंवा घोड्याला चावतात. पण तेथे त्याची वाट संपते. घोड्याच्या रक्तात तो इतका थोडा असतो की दुसऱ्या डासाला तो पुढे नेता येत नाही. माणसाचेही तसेच.

हे वाचले आणि मी थबकलो. शेजाऱ्याच्या मुलाने पोलिओचा डोस घेतला की माझेही मूल थोडे सुरक्षित होते. म्हणून शेजाऱ्याला तो डोस घ्यायला लावण्यात माझा स्वार्थ असतो. ही सुई निराळी. घोडीला टोचली तर घोडीच वाचेल, दुसरे कोणी नाही. आजारी घोडीपासून मला भय नाही. मग जिच्यापासून आपल्याला भय नाही, तिच्यासाठी आपण काय म्हणून झिजावे? मालकाची रोजी तिच्यावर आहे हे खरे, पण तेही शेवटी माणसाचेच कारण झाले.

व्यवहाराचे गणित तर आणखी चमत्कारिक. वेस्ट नाईल नावाचा याच कुळातला एक डासांचा रोग १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये उगवला. अमेरिकेत घोड्यांसाठी त्याची लस २००१ साली निघाली. माणसांसाठी ती अजून बाजारात नाही. म्हणजे घोडा आधी की माणूस आधी, हे जगात सगळीकडे दयेने ठरते असे नाही. शर्यतीच्या घोड्याला किंमत असते. वरातीच्या घोडीला ती वरातीपुरती.

आणि एक देणे मी विसरलोच होतो. आमच्या भागात धानाच्या बांधीत साप चावणे नवलाचे नाही. दवाखान्यात जे औषध टोचतात, ते घोड्याला विष थोडेथोडे देऊन त्याच्याच रक्तातून काढलेले असते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. घोड्याने ते विष अंगावर घेताना "तुमचं तुम्ही पाहा" असे म्हटले नाही. त्याला कोणी विचारलेही नाही, ही गोष्ट वेगळी.

भाद्रपदात ती घोडी आजारी पडली. ताप आला, दाणा सुटला, पाय लटपटू लागले. मी पाहायला गेलो तेव्हा ती भिंतीला डोके टेकवून उभी होती आणि मालक तिच्या कानाशी काही बोलत होता. दोन दिवसांनी ती गेली. तशी लक्षणे इतर रोगांतही दिसतात. हाच रोग होता असे कोणी छातीठोक सांगितले नाही. पण माझे ते हसणे मला अजून ऐकू येते.

तुळशीचे लग्न लागले की वराती निघतील, म्हणून त्याने कर्ज काढून दुसरी घोडी आणली आहे. परवा तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, सुईसाठी अर्ज लिहून द्या." मी कागद घेतला. कारण म्हणून आधी लिहिले, 'अर्जदाराचा उदरनिर्वाह सदर घोडीवर अवलंबून आहे.' ते खरेच होते. तरी पेन अडले. ती ओळ मी तशीच राहू दिली आणि तिच्या वर, थोड्या मोठ्या अक्षरात लिहिले, 'घोडीला ताप येऊ नये म्हणून.'