दोरी, साप आणि इंजेक्शन

बायपासनंतरच्या तिसऱ्या रात्री आजोबांना सलाइनच्या नळीत साप दिसायला लागला. व्हेंटिलेटर निघालेला, बीपी छान, रिपोर्ट ठीक. आणि हे ‘सिस्टर, अंगावर चढतोय हो’ म्हणत सुई उपसायला निघालेले.

मी हार्टच्या आयसीयूत नोकरी केली. रविवारी वेदान्ताच्या व्याख्यानांना जायचे, त्यामुळे गौडपादांच्या कारिकांतला दोरीवरचा साप ओळखीचा. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की साप नाहीसा होतो, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे दिवे रात्रभर चालूच. झोप मोडते, दिवस-रात्र कळेनाशी होते आणि साप उजेडातच येतो!

मग हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन. 1958 साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. दिलं की हातपाय थंडावतात, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, आमचाही. पण आयसीयूतल्या डिलिरिअमवर, म्हणजे अशाच भ्रमावर, अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018मध्ये आले. या औषधाने भ्रमाचे दिवस कमी झाले नव्हते. म्हणजे गप्प झाला तो साप पाहणारा. सापाचं काय झालं, ते त्यालाच ठाऊक.

शेजारच्या खाटेवरच्या आजी छताकडे टक लावून पडून असायच्या. वार सांगता येईना, लेक ओळखू येईना. हाही डिलिरिअमच, फक्त बिनआवाजाचा. त्यांच्यासाठी मध्यरात्री कोणी डॉक्टरांना उठवलं नाही. दया खरोखर दुःख भोगणाऱ्यासाठी असती, तर ती आवाज ऐकून जागी झाली नसती. आपण बऱ्याचदा आपलीच अस्वस्थता शमवतो आणि तिला करुणा म्हणतो.

नळी उपटून रक्त वाहणार असेल, तर इंजेक्शन द्यावंच लागतं, ईसीजीवर डोळा ठेवून. तिथे मला शंका नाही. झोपेची औषधं मात्र म्हाताऱ्यांत भ्रम वाढवू शकतात.

आजोबांना आम्ही चष्मा दिला, कानाचं मशीन लावलं, दुखणं कमी करायचं औषध दिलं, नळी चादरीखाली घातली, मुलीला आत घेतलं. साप नाहीच, असा वाद तिने घातला नाही. ‘आप्पा, मी आहे इथे’ एवढंच म्हणत राहिली. तरी पूर्ण भानावर यायला त्यांना दोन दिवस लागले.

तुमच्या घरचं कोणी ऑपरेशनला जाणार असेल, तर चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी सोबत द्या. आणि ‘शांत करण्याचं’ इंजेक्शन सुचवलं, तर ते कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा.