रथ म्हणजे चाक नव्हे

वडिलांची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, गोंदियाच्या राईस मिलच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी होती. ओल आणि धानाचा कोंडा, दोघांनी मिळून तिचा तळ खाल्ला. मिस्त्रीने सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला. कार्बोरेटर दुसऱ्याच गाडीचा. मुलगा विचारतो, बाबा, मग ही आजोबांची गाडी कशी?

'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतात. रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? यातलं एकही नाही, आणि यांच्यावेगळाही रथ नाही. सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणायचं.

म्हणून मूळ सुट्या भागांचा हट्ट मी धरत नाही. काळाशी इमान मात्र हवं. गिअर स्टेअरिंगखालीच राहील, सीट रेक्झिनची. मे महिना कितीही तापो, एसी नाही. छतावर त्या काळच्या घडणीचं कॅरिअर बसवतोय. वडिलांनी ते कधीच लावलं नव्हतं. कुणी याला खोटं म्हणेल. मी नाही म्हणणार. अनित्य वस्तू कारणांच्या साखळीने पुढे जाते, आणि त्या साखळीत त्यांच्यानंतर माझे हात आले, एवढंच. पुढे मुलाने तिला वेगळा रंग दिला तरी माझी हरकत नसेल.