हरवलेले बूच

माझ्याजवळ एक जुनी पिकअप गाडी आहे. तिला 'माझी' म्हणण्यापेक्षा 'आमची' म्हणणेच अधिक खरे. कारण वावरहून जव्हारला निघालो की मागे नागलीची पोती आणि पुढच्या बाकावर कोणी ना कोणी आजारी माणूस, असा तिचा संसार असतो.

गेल्या पावसाळ्यात ती फट्फट् असा आवाज करू लागली. पहिले चार दिवस तो कानाला टोचला. पाचव्या दिवशी सवयीचा झाला, आणि पंधरवड्याने तर मला आवडूही लागला. गुरुजी येत आहेत हे वळणापलीकडच्या पाड्याला आधीच कळे! गाडी घाट चढत होती, माणसे पोचत होती. 'चालतंय ना? मग चालू द्या!' ह्या आपल्या लाडक्या तत्त्वज्ञानाचा मीही उपासक झालो.

एके दिवशी शेजारची आजी तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन बसली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून काचा वर केलेल्या. रडणारे पोर थोड्या वेळाने गाढ झोपले. "गुर्जींच्या गाडीत झोप बरी लागते," आजी म्हणाली. मी हसलो. माझेही डोके जड झाले होते.

दवाखान्यापुढे आजी उतरल्यावर मी गाडी मिस्त्रीकडे नेली. इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या अंगावर करंगळी जाईल एवढे आट्यांचे एक भोक उघडे पडले होते. एखादी जादा नळी जोडण्यासाठी अशी जागा ठेवतात. नळी नसेल तर तिथे बूच बसवतात. आमचे बूच कधी गळून पडले, देव जाणे. "धूर मागं जायचा तो इथंच निघतोय, गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "आणि इथनं केबिनमध्ये शिरतोय."

वर्गात दरवर्षी मी शिकवतो : कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, डोके जड होणे, झापड येणे ही त्याची लक्षणे. आमच्या डिझेलच्या गाडीच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी. पण कमी म्हणजे नाही नव्हे. फळ्यावरचे माझेच वाक्य माझ्या शेजारी येऊन बसले होते, आणि मी त्याला ओळखले नाही.

"लांबी भरून भागेल का?" मी विचारले. "जळून जाईल," तो म्हणाला. इंजिन पुरते गार होऊ दिले. गंजलेल्या आट्यांवर तेल सोडले, टॅप हाताने पाव-पाव फेरा फिरवून आटे साफ केले. बीड ठिसूळ, घाई केली की तडकते. मग त्याच मापाचे लोखंडी बूच आधी बोटांनी आणि नंतर पान्याने बसवले. बुचाची किंमत दोघांच्या चहाएवढी!

पोराची ती झोप तापाचीच होती, असे डॉक्टरांनी सांगितले. पण ती तशी निघाली, हे काही माझे पुण्य नव्हे. वाईट घडले असते तर मी अपराधी ठरलो असतो. घडले नाही म्हणून निर्दोष ठरतो काय? दोन्ही वेळी भोक तेच, आणि काणाडोळा करणारा मीही तोच. परिणाम नशिबाच्या हाती असतो. दुर्लक्ष मात्र पुरते आपले असते.

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२-९३ साली, कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. त्याआधी इथे भूक नव्हती, असे थोडेच आहे? ती होतीच, ऐकणाऱ्यांच्या कानांना तिची सवय झाली होती.

आता गाडी मुकाट्याने येते. पाड्यावरची मुले कुरकुरतात, 'गुर्जी, तुम्ही आलेले कळतच नाही!' वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत तुम्ही घराचा कोपरा न् कोपरा पाहिला असेल. तुमच्याही घरात एखादा आवाज आता सवयीचा झाला असेल. पहिल्या दिवशी तो कसा टोचला होता, एवढे मात्र आठवून पाहा.