ठळक म्हणजे शीर्षक नव्हे

मराठीतले प्रबंध, संस्थांचे अहवाल, गौरवग्रंथ आज बहुतेक वर्डमध्ये तयार होतात. पण फाइल उघडली की आत टाइपरायटरच बसलेला दिसतो. प्रकरणाचे नाव निवडून ठळक केलेले, एंटर मारत मारत पुढचे पान गाठलेले, अनुक्रमणिका हाताने टंकलेली. छापून आल्यावर यातले काही खटकत नाही, म्हणून सवय टिकते. पण ठळक अक्षरे पाहून शीर्षक ओळखतो तो माणूस. यंत्राला ते सांगावे लागते. वर्डची आजची फाइल म्हणजे झिप करून बांधलेला एक्सएमएल फाइलींचा गठ्ठा असतो. 'हेडिंग १' ही स्टाइल दिली की परिच्छेदापाशी तिचे नाव नोंदले जाते. नुसत्या ठळक ओळीपाशी ती ठळक आहे एवढेच नोंदले जाते. आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका आणि पीडीएफमधल्या खुणा या नोंदीवर उभ्या असतात. तीनशे पानांच्या प्रबंधात दुसऱ्या प्रकरणाची चार पाने वाढली, की हाताने केलेली अनुक्रमणिका तिथून पुढे खोटी. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरणारा दृष्टिहीन वाचक एच ही कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर जाऊ शकतो; शीर्षके नुसती ठळक असतील तर त्याला ती सोय उरत नाही.

दोष सगळा टंकणाऱ्याचा नाही. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७४ साली 'ब्राव्हो' हा लेखनाचा प्रोग्राम तयार झाला आणि छापल्यावर पान जसे दिसेल तसेच पडद्यावर दिसू लागले. त्यावर काम केलेले चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. १९८३ मध्ये वर्ड आले. त्याच काळात दुसरा विचारही जोरात होता. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि सहकारी, आणि पुढे 'स्क्राइब' हा दस्तऐवज मांडणारा प्रोग्राम लिहिणारे ब्रायन रीड यांचे म्हणणे असे की हे प्रकरण, हे अवतरण, ही तळटीप एवढे लेखकाने सांगावे. रूप वेगळे ठरवता येते. वर्डमध्ये दोन्ही वाटा आहेत. पण कागद डोळ्यांसमोर दिसू लागला की हात कागदासारखाच वागतो, आणि ठळक करण्याचे बटण एका टिचकीवर असते.

'हे काम डीटीपीवाल्याचे' असे म्हणणारे असतात. पानाचे सौंदर्य हे त्याचे काम, मान्य. कोणते उपशीर्षक कोणाच्या पोटातले, हे मात्र लेखकालाच ठाऊक असते. स्टाइल दिलेल्या असतील तर त्या इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये तशाच नेता येतात. नसतील तर डीटीपीवाला अक्षरांच्या आकारावरून अंदाज बांधतो. शिवाय शीर्षकाची पातळी ठरवताना लेखकाला स्वतःच्या मांडणीचा गोंधळ दिसतो, आणि मला हा फायदा सर्वांत मोठा वाटतो. पाचव्या पातळीचे शीर्षक लागले तर बहुधा प्रकरणच नीट विभागलेले नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सोय इंग्रजीसाठी घडली, मराठीला ती छळते. खरे आहे. देवनागरीचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वर्ड वेगळा नोंदवते. स्टाइलमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा रकाना बदलायचा राहिला तर मराठी शीर्षक होते तसेच राहते. जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये टंकलेले शीर्षक अनुक्रमणिकेत निरर्थक रोमन चिन्हे होऊन येऊ शकते. पण हा त्रास स्टाइलमध्ये एकदा निस्तरता येतो. हाताने सजवलेल्या फाइलीत तो प्रत्येक शीर्षकापाशी निस्तरावा लागतो. दोन पानी पत्राला यातले काही लागत नाही, हेही सांगून टाकावे.

विद्यापीठांच्या नियमावलीत समास किती, अक्षराचा आकार किती, हे बारकाईने लिहिलेले असते. त्यातच आणखी दोन अटी घालाव्यात: मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि प्रत्येक शीर्षकाला स्टाइल दिलेली असावी. मार्गदर्शकांनी पहिले प्रकरण हाती येताच हे तपासावे. शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.