हौसेचे संकट

गरज नसताना मनुष्याने आपला जीव संकटात घालावा काय, हा प्रश्न वरवर पाहता फारसा अवघड वाटत नाही. देशासाठी, सत्यासाठी किंवा बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी जो जिवावर उदार होतो त्याला आपण धन्य म्हणतो. आणि ज्याला यांपैकी कोणतेच कारण नाही, केवळ हौस आहे, त्याला अविचारी म्हणून मोकळे होतो. परंतु अलीकडे नागपुरासारख्या शहरांतील सुशिक्षित घरांतून तरुण मुले-मुली रबरी तराफ्यात बसून फेसाळत्या नद्यांतून वल्ही मारीत जाण्यासाठी आवर्जून दूरदेशी जाऊ लागली आहेत. वडील मंडळी विचारतात, ‘कशाला हे नसते धाडस?’ मुले उत्तर देतात, ‘मजा येते.’ प्रश्नात काळजी आहे आणि उत्तरात प्रामाणिकपणा आहे. पण दोहोंनीही मूळ मुद्द्याला हात घातलेला नाही, असे आम्हांस वाटते.

आमच्या विदर्भातील कन्हान, वर्धा, वैनगंगा या सपाट मुलखातून संथ वाहणाऱ्या नद्या. त्यांना पूर येतो, पण या खेळाला लागणारा नित्याचा खळाळ त्यांच्या अंगी नाही. म्हणून नागपूरकर हौशी माणसाला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्यातील कोलाडला, कुंडलिकेच्या काठी जावे लागते. या खेळातील लोक खळाळांची एक ते सहा अशी प्रतवारी लावतात. पहिल्या प्रतीचे पाणी म्हणजे नुसती सहल, आणि सहाव्या प्रतीचे म्हणजे बहुधा मृत्यूशी गाठ. कुंडलिकेचा सुमारे 12 किलोमीटरांचा पट्टा दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीचा, म्हणजे मध्यम आहे. अंगावर तरंगते जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, हातात वल्हे आणि तराफ्याच्या मागील टोकास जाणता मार्गदर्शक, अशा सरंजामानिशी सहा-आठ जण त्यातून जातात.

येथे पहिला आक्षेप येतो. इतका बंदोबस्त करून आणि पैसे मोजून जे विकत घेतले, त्याला धैर्य म्हणावे काय? हे पाणीदेखील निसर्गाच्या लहरीने येत नाही. मुळशीच्या धरणातील पाणी नळांवाटे सह्याद्रीचा सुमारे 500 मीटरांचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते, वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. ते सकाळी सुटले तर खेळ, न सुटले तर नदी उथळ. वेळापत्रकाप्रमाणे येणाऱ्या संकटाला सामोरे जाण्यात कसला आला पराक्रम?

हा आक्षेप आम्ही बहुतांशी मान्य करतो. त्या तराफ्यातून उतरणाऱ्याने स्वतःस वीर समजू नये. परंतु जी गोष्ट पराक्रम नाही ती निरुपयोगीच असते, असे नाही. व्यायामशाळेतील जोर-बैठकांना कोणी युद्ध म्हणत नाही, तरी त्या व्यर्थ नसतात. मध्यम पाण्याचा गुण हा की, तेथे माणसाची चूक त्याला तत्काळ कळते आणि बहुधा तिची भरपाईही करता येते. संथ पाण्यात चुकणाऱ्याला चुकल्याचे कळत नाही. अतिप्रचंड पाण्यात कळते, पण सुधारायला अवसर उरत नाही. शिक्षण या दोहोंच्या मधल्या जागीच होते.

आणि तेथले शिक्षण मोठे विलक्षण आहे, कारण ते आपल्या उपजत बुद्धीच्या उलट जाते. लाट अंगावर आली की हात आपोआप वल्हे सोडून तराफ्याचा दोर धरू पाहतात. पण नेमक्या त्याच क्षणी वल्हे पाण्यात खोल घालावे लागते, कारण प्रवाहाच्याच वेगाने वाहत जाणाऱ्या नावेला आपली अशी दिशा राहत नाही. तराफा आडवा होऊन खडकावर आदळला की मन म्हणते, खडकापासून दूर सरका. तसे केल्यास प्रवाहाकडील कड खाली दबते, पाणी आत घुसते आणि तराफा उलटतो. म्हणून सर्वांनी खडकाकडेच झेप घ्यायची असते. पाण्यात पडलेल्याला वाटते, पाय टेकून उभे राहावे. पण वाहत्या पाण्यात पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर वरचे पाणी माणसाला खाली दाबून टाकते. म्हणून उताणे होऊन, पावले प्रवाहाच्या दिशेने पुढे करून, पाणी शांत होईपर्यंत तरंगत जायचे. दैव मोठे की पुरुषार्थ, हा आपल्याकडील जुना वाद. त्याचा निवाडा ही नदी करीत नाही. पण कोणत्या क्षणी वल्हे मारायचे आणि कोणत्या क्षणी अंग सैल सोडायचे, हा विवेक मात्र ती शिकविते. भीती नाहीशी होत नाही. भीतीने सुचविलेला पहिला उपाय तेवढा बाजूस सारता येतो. धैर्याची ही बाराखडी होय, असे म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरा आक्षेप मात्र याहून भारी आहे. ज्यांना संकट निवडता येत नाही, त्यांच्यादेखत संकटाची हौस करणे शोभते काय? 2024 च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी वैनगंगेच्या पैलतीरी निघालेल्या स्त्रियांची नाव उलटली, आणि त्यांतील कित्येकींना जलसमाधी मिळाली. ते पाणी कुंडलिकेप्रमाणे उसळणारे नव्हते. त्या बायांना कोणी मजेसाठी नेले नव्हते. पलीकडे दिवसाची मजुरी होती आणि मध्ये नदी होती, एवढेच. एकीकडे करमणुकीच्या पाण्यात जाकिटावाचून पाऊल टाकू देत नाहीत, आणि दुसरीकडे पोटासाठी नदी ओलांडणाऱ्यांना कित्येक घाटांवर फुटक्या नशिबाखेरीज दुसरे संरक्षण नाही. ही विषमता ज्याच्या मनाला टोचत नाही, त्याने कितीही खळाळ पार केले तरी तो काहीच शिकला नाही, असे आम्ही म्हणू.

कुंडलिकेच्या पाण्यालाही आपला इतिहास आहे. मुळशीचे धरण बांधले जात असता आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यासाठी कारावास भोगला. सत्याग्रह अखेर फसला, गावे पाण्याखाली गेली, आणि 1927 मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. जे पाणी मुळेतून भीमा-कृष्णेला मिळून पूर्वसमुद्रास जावयाचे, ते तेव्हापासून कडा उतरून पश्चिमसमुद्राकडे वळले. आजचा तराफा ज्या लाटेवर नाचतो तिच्या उगमापाशी कोणाची तरी शेते आणि देवळे आहेत. ज्यांनी संकट मागितले नव्हते त्यांच्या त्यागावर आमची हौस उभी आहे.

मग हा खेळ टाकून द्यावा काय? आमचे मत तसे नाही. आपण खेळ बंद केल्याने वैनगंगेवरची एकही नाव अधिक सुरक्षित होणार नाही आणि मुळशीचे एकही गाव वर येणार नाही. त्यागाचा नुसता देखावा हाही एक प्रकारचा विलासच होय. हौसेने पत्करलेल्या संकटामुळे माणसावर एक ऋण चढते, आणि ते फेडावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. वाहते पाणी म्हणजे काय हे ज्याच्या अंगाने अनुभविले आहे, त्याला घाटावरील गर्दीने भरलेली नाव पाहून स्वस्थ बसण्याचा अधिकार उरत नाही. दहा जाकिटांची किंमत काय आणि त्यांच्या अभावाची किंमत काय, हे इतरांना सांगण्याचे काम त्याचे.

हे ऋण केवळ परक्यांचे आहे असेही नव्हे. 2023 च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, आणि नागपूरच्या रस्त्यांवर माणसे सोडविण्यासाठी नावा आणाव्या लागल्या. ज्यांनी कधी नदीची हौस केली नव्हती त्यांच्या उंबऱ्याशी नदी आपण होऊन आली. गुडघाभर पाणीदेखील वेगात असले तर उभ्या माणसास पाडते, हे त्या पहाटे ज्याला ठाऊक होते त्याचे ज्ञान चैनीचे नव्हते.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी हा वाद चालू असेल त्यांना आमचे सांगणे असे. मुलगा किंवा मुलगी पोहणे शिकलेली असेल, मार्गदर्शक जाणता असेल आणि पाणी आपल्या शक्तीच्या बेताचे असेल, तर त्यांना अवश्य जाऊ द्यावे. पावसाळ्यातील पुरात किंवा कोणाच्या पैजेखातर मात्र जाऊ देऊ नये. आणि ती परत आल्यावर ‘मजा आली का’ एवढेच विचारून थांबू नये. ते पाणी कोठून आले, पूर्वी त्याच्या वाटेत कोण राहत होते, आणि आपल्याच जिल्ह्यातील कोणत्या घाटावर आजही माणसे जाकिटावाचून नदी ओलांडतात, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास जो प्रवृत्त होईल, त्याची हौस व्यर्थ गेली असे कोण म्हणेल?