‘ठाऊक नव्हते’ असे कोणी म्हणावे?

एखाद्याच्या हातून दुसऱ्यास इजा झाली आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला की, "मला ठाऊक नव्हते," तर त्याचा दोष तेथे संपतो काय? नीतिशास्त्रात हा प्रश्न मोठमोठ्या शब्दांत मांडलेला असतो. आम्हांला तो जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकजवळ अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून वाचकांस प्रथम तेथेच नेतो.

मॅसी फर्ग्युसन ३५ हा १९५७ पासून त्या नावाने निघालेला ट्रॅक्टर घ्या. याच घराण्याचे ट्रॅक्टर १९६० साली स्थापन झालेल्या मद्रासच्या टॅफे कंपनीने आपल्याकडे बनविले. तेव्हा पुष्कळांना तो ओळखीचा असेल. त्याचे ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात. प्रत्येक चाकाबरोबर एक लोखंडी ड्रम फिरतो आणि त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक-शू असतात. पेडल दाबले की ते फाकतात व त्यांवरचे लायनिंग ड्रमला आतून घासून चाक थांबविते. पेडले दोन, डाव्या चाकाचे एक आणि उजव्याचे एक. तासाच्या टोकाला एकच पेडल दाबले की ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले कडीने जोडावीच लागतात. नाहीतर वेगात एकच चाक धरले जाऊन ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो, प्रसंगी उलटतोही.

असा ब्रेक सहसा एका दिवसात जात नाही. लायनिंग झिजते, पेडल थोडे अधिक खाली जाते आणि चालकाचा पाय, त्याच्याही नकळत, थोडे अधिक दाबावयास शिकतो. नवखा माणूस बसला म्हणजे घाबरतो. नेहमीचा त्यास सांगतो, "जरा आधीपासून दाब, लागतो." आमच्या मते नीतीचा प्रश्न अपघाताच्या क्षणी नव्हे, तर या वाक्यापाशी सुरू होतो. ज्याला ‘ठाऊक नव्हते’ त्याच्या पायाला ते ठाऊक होते.

मग दोषाचा शोध कसा घ्यावा? ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचे चाक उचलून खाली भक्कम घोडी द्यावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. पेडल खोल जात असेल तर खाचेतून स्क्रूड्रायव्हर घालून आतले दातेरी चक्र फिरवितात. चाक घट्ट होईपर्यंत आवळावयाचे, मग ते मोकळे फिरेल इतके मागे सोडावयाचे. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही हे पेडले जोडून, मोकळ्या जागी, अगदी कमी वेगात पाहावे. आवळूनही पेडल खालीच जात असेल तर लायनिंग संपले आहे किंवा दांड्यांच्या पिना झिजल्या आहेत. चालवून आल्यावर एकच ड्रम तापलेला असेल तर शू मागे येत नाही: स्प्रिंग थकली, गंज चढून काही अडकले किंवा आपणच फार आवळले. आणि ट्रॅक्टर उजवीकडे ओढत असेल तर पुष्कळदा डावा ब्रेक कमी लागत असतो. दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे.

सर्वांत बोलकी खूण म्हणजे तेलकट लायनिंग. ते पेट्रोलने पुसून पुन्हा बसविणे सोपे असते. चार दिवस ब्रेक लागतोही. परंतु तेल आले कोठून, हा प्रश्न तसाच राहतो. ॲक्सलचे ऑइल सील गेलेले असते. सील बदलल्यावाचून तेल थांबत नाही, आणि तेल प्यालेले लायनिंग पुसून सुधारत नाही. दोन्ही नवीन घालावी लागतात. ज्याने ड्रम उघडून फक्त पुसले त्याची स्थिती ज्याने उघडलाच नाही त्याच्याहून वाईट आहे. त्याने कारण पाहिले आणि ते झाकले.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ श्वासाबरोबर आत गेल्यास अनेक वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. म्हणून ड्रममधील धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. पूर्वीच्या अनेक मिस्त्र्यांना हे खरोखरच ठाऊक नव्हते. त्यांना कोण दोष देईल? परंतु हे ऐकूनही जो आजच्या पोऱ्यास फुंकावयास लावतो त्याची गोष्ट निराळी.

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक माणूस मारला तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे धन्यास पूर्वी सांगितलेले असून त्याने त्यास आवरले नाही, तर धनीही दोषी. येथे कसोटी बैलाच्या शिंगाची नसून धन्यास मिळालेल्या इशाऱ्याची आहे.

इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड याने १८७७ च्या एका निबंधात याहून पुढचे पाऊल टाकले. त्याच्या दृष्टांतातील जहाजमालक जुन्या जहाजाविषयीच्या शंका दाबून टाकतो आणि ते सुरक्षित आहे असे मनापासून मानू लागतो. जहाज प्रवाशांसह बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता. पण तसा विश्वास ठेवण्याचा त्यास अधिकार नव्हता. शिवाय जहाज सुखरूप पोहोचले असते तरी त्याचा दोष तिळभरही कमी झाला नसता. ‘आजवर काही झाले नाही ना?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा करणे गरिबाला परवडत नाही. ही अडचण खरी आहे, आणि कोणी सारा वेळ सर्वच तपासू शकत नाही. खूण न देता वाटेत काही तुटले तर तो माणूस निर्दोषच होय. परंतु पेडलाने, तापलेल्या ड्रमने, तेलाच्या डागाने जे सांगितले ते ऐकणे परवडण्याच्या पलीकडचे नाही. निदान त्या दिवशी ट्रॉलीत माणसे बसवू नयेत आणि चालकापासून शंका लपवू नये. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सारा भार त्या दोन ड्रमांवर येतो. मागे बसलेल्या बायामुलांना पेडल दाबून पाहता येत नाही. त्यांच्या वाट्याची तपासणीही आपल्याकडेच असते.

तात्पर्य, अज्ञान ही सबब होऊ शकते. पण ती पाहून, विचारून, उघडून मिळवावी लागते. न पाहता मिळालेले अज्ञान आपले नसते, ते उसने घेतलेले असते. आणि त्याची फेड बहुधा दुसऱ्यालाच करावी लागते.