दाब

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. घरच्यांनी पेढे आणायचेच काय ते बाकी ठेवले. मी मात्र कागद पुन्हा पुन्हा वरून खाली वाचत होते. मर्यादेबाहेरचा आकडा लॅबवाले ठळक छापतात. एखादा तरी ठळक निघावा, अशी आशा होती. थायरॉइड ठीक, सीपीके ठीक, ईएसआर ठीक. डी जीवनसत्त्व जरासं कमी, पण आमच्या सोसायटीत ते कुणाचं पुरेसं आहे?

धडधाकट असल्याचा पुरावा हातात आणि त्या क्षणी घरात आपल्या बाजूचं कुणी नाही.

तसं आपणहून फार दुखत नाही. दाबलं की दुखतं. आणि दाबत नाही असं काय आहे? परकराची नाडी. पर्सचा पट्टा. घड्याळ. रिक्षातला बाजूचा दांडा. कुशीवर वळलं की खालचा खांदा. झोपेत माझाच एक गुडघा दुसऱ्याला दाबतो. मध्ये उशी घालते.

माया तर आपल्याकडे दाबूनच करतात. पाठीवर थाप, दोन्ही हातांत हात घेऊन आवळणं, पोराचं मांडीवर उभं राहून नाचणं. नात्यातल्या एक वहिनी दंड धरल्याशिवाय बोलत नाहीत. माणूस सोन्यासारखं. मी टेबलाच्या पलीकडून त्यांच्याशी गप्पा मारते. मी हल्ली तुटक वागते, असं त्यांनी कुणाला तरी सांगितल्याचं कानावर आलं.

मराठीत दुखण्याला शब्दांची ददात नाही. कळ, चमक, ठणका, उसण, सल, ठसठस. पण प्रत्येक शब्दाच्या शेपटीला कारण बांधलेलं. उसण भरते ती वजन उचलल्याने. अंग आंबतं ते कार्यघरात राबल्याने. ठसठसतं ते पिकलेलं. माझ्यापाशी येतो तो एकच शब्द, हुळहुळणं. जखम भरत आली की वरची नवी कातडी हुळहुळते. मला जखम वगळून तेवढंच मिळालं आहे.

आणखी एक अडचण व्याकरणाची. ‘माझा गुडघा दुखतो.’ वाक्यात कर्ता गुडघा. मी नुसती त्याची मालकीण. ‘मी दुखते’ असं मराठीत म्हणत नाहीत. मला तेच म्हणायचं असतं.

‘कशाने झालं?’

हा प्रश्न सहानुभूतीचा असतो, असं मी बरेच दिवस धरून चालले. तो हिशेबाचा असतो. कारण कळलं की विचारणाऱ्याला ठरवता येतं, हे आपल्याला होण्यासारखं आहे की नाही. मी जिन्यावरून पडले असते तर किती बरं झालं असतं. कुठे पडले, फरशी कुणी ओली ठेवली, उचललं कुणी. बोलायला केवढा ऐवज. शेजारच्या काकूंना २००६ च्या साथीत चिकनगुनिया झाला होता. बोटं धरली की अजून तेच नाव घेतात. त्यांच्या दुखण्याला साल आहे, ताप आहे, डास आहे. मला त्यांच्या डासाचा हेवा वाटतो.

आईची पाठ दुखायची. जन्मभर. ‘बाळंतपणात वारं भरलं,’ ती म्हणायची, आणि विषय संपायचा. कारण बहुधा चुकीचं होतं. उपयोगी मात्र होतं. त्या काळी त्यावर उलटतपासणी होत नसे. दुपारी ती पालथी पडायची आणि मला हाक मारायची. मी चेपायला लागले की म्हणायची, ‘चेपू नको गं, नुसता हात ठेव.’ काम फारच सोपं निघाल्याचा मला आनंद व्हायचा. हात ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसायची.

१९०४ साली लंडनच्या विल्यम गॉवर्स या मज्जातंतूतज्ज्ञाने अशा दुखण्याला फायब्रोसायटिस म्हटलं, म्हणजे तंतूंचा दाह. सूक्ष्मदर्शकाखाली दाह काही सापडेना. नाव तरी सत्तरेक वर्षं टिकलं. मग दाह वजा करून वेदना तेवढी ठेवली: फायब्रोमायल्जिया. फोड केली तर तंतू, स्नायू, वेदना. मी मराठीत सांगितलेलं डॉक्टरांनी लॅटिन-ग्रीकमध्ये परत केलं. तेही ‘म्हणता येईल’ असं म्हणून.

पण तेवढ्याने घरात फरक पडला. ज्या दुखण्याला कंटाळले होते, त्याच दुखण्याचं नाव उच्चारायला अवघड निघाल्यावर सगळे जरा आदराने वागायला लागले.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी १९९० साली निकष ठरवले. अंगावर १८ जागा. मानेखाली, खांद्यावर, कोपराजवळ, कमरेच्या बाजूला, गुडघ्याच्या आतल्या अंगाला. प्रत्येक जागी सुमारे ४ किलोचा दाब द्यायचा. ११ जागा दुखल्या तर आजार. मला दहाच दुखल्या असत्या तर काय, हा प्रश्न मी विचारला नाही. ४ किलो ओळखायचे कसे? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडू लागलं की समजायचं, झाले ४ किलो. दुखतं माझं, माप दुसऱ्याच्या नखात.

पुढे २०१० साली नवे निकष आले आणि अंगठा गेला. कुठे कुठे दुखतं, सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखी वाटते का, विसरायला होतं का, हे विचारू लागले. दाबणं सोडून विचारण्यापर्यंत यायला २० वर्षं. आमच्या घराला त्याहून जास्त लागतील.

ओळखीचे एक वैद्य म्हणतात, आपल्याकडे हे आधीच होतं. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली, त्यांतली मांसातली ११. तिकडेही अकराच जागा लागतात, बघा! मला ही सोयरीक पटत नाही. बहुतेक मर्मांवर घाव बसला तर माणूस जातो, नाहीतर पांगळा होतो. माझ्या जागा दाबून कुणाला काही झालेलं नाही. दुखणं तेच आहे की काही होत नाही.

झोपेबद्दल मात्र एक गोष्ट मनाला लागली. १९७५ साली टोरोंटोत काही धडधाकट तरुणांची गाढ झोप रात्रभर आवाज करून मोडत राहिले. पुरतं जागं करायचं नाही, नुसतं गाढ झोपेतून वर आणायचं. काही रात्रींत त्यांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले. प्रयोग थांबला, दुखणं थांबलं. माझ्या अंगात हा प्रयोग कुणी लावून ठेवला आहे आणि बंद करायला विसरलं आहे.

२००२ साली मेंदूच्या चित्रांतून दिसलं की अशा रोग्याच्या अंगठ्याच्या नखावर थोडासा दाब दिला, तरी मेंदूतल्या ज्या जागा जाग्या होतात, त्या जाग्या व्हायला धडधाकट माणसाला बराच जास्त दाब द्यावा लागतो. म्हणजे वेदना खोटी नाही. तराजूला पासंग आहे. पारड्यात ठेवलेलं पावशेर, काटा दाखवतो किलो. पण काटा आतला, आणि बाहेरच्याला दिसतं ते पावशेरच.

हे वाचलं तेव्हा रडू आलं. नंतर रागही आला. माझ्यावर माझाच विश्वास बसायला मशीन लागलं.

रोज सकाळी मी स्वतःचा दंड दाबून बघते. दुखला की वाईट वाटतं. एखाद्या दिवशी नाही दुखला तर धास्ती वाटते, की आता लोकांना काय सांगू?

बरे दिवस असतात. त्यांच्याबद्दल लिहायला काही नसतं. बाजार होतो, डबे घासून होतात, संध्याकाळी कळतं की आज अंगाची आठवणच झाली नाही. आणि आठवण झाली की दुखणं पुन्हा येतं. डॉक्टर म्हणतात, रोज चाला, थोडं थोडं. बऱ्या दिवशी मी चार दिवसांचं चालून घेते आणि पुढचे तीन दिवस फेडते. हे शहाणपणाचं नाही, ते मला कळतं.

श्रावणात कासारणीकडे गेले. बांगड्या भरून घ्यायच्या हे मी दोन वर्षं टाळत आले होते. तिने हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी हलकंच दाबलं. मी ओठ मिटून घेतले होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. हाताकडेच बघत होती. ‘कशाने’ म्हणाली नाही. सव्वादोनचा डझन बाजूला सारला आणि अडीचचा काढला.

‘सैल होतील,’ मी म्हटलं.

‘होऊ द्या.’

त्या आपसूक आत गेल्या. हात वर केला की कोपरापर्यंत उतरतात. पोळ्या लाटताना पोळपाटावर आपटतात. आतापर्यंत दोन फुटल्या.